रहिवासी हवालदिल

शुभदा लग्न होऊन करी रोडच्या खोलीत आली, त्याला आठवडाही झाला नसेल, तेव्हा तिनं पडद्यामागून एक भांडण ऐकलं. मायलेकाचं. सासूबाई गॅलरीत उभ्या होत्या आणि आवाज दाबून बोलत होत्या. चाळीत दाबलेला आवाज सगळ्यात लांब जातो.

"काल खाली नळावर काय सांगितलंस रे सुभाष?"

"कुठं काय?"

"तळमजल्याची कुसुम मला विचारते, मावशी जेवलात का? वरचे विचारतात, जेवलात का? सकाळपासून जो तो माझं जेवण काढतोय!"

"मी एवढंच म्हटलं, नव्या सुनेच्या हाती घर, सासू दिवसभर उपाशी."

"एकादशी होती मेल्या!"

"मग उपाशी होतीस की नव्हतीस?"

"होते."

"घर तिच्या हातात होतं की नव्हतं?"

"होतं."

"मग मी खोटं काय सांगितलं?"

सासूबाईंनी पदर खांद्यावर ओढून घेतला. मग म्हणाल्या, "खोटं नाही रे. पण तू असं सांगतोस ना, की सकाळपासून माझं मलाच वाटायला लागलंय, हिनं मला उपाशी ठेवलं." आणि पडदा सारून आत आल्या त्या सुनेकडे जरा रागानंच बघत. शुभदानं मुकाट्यानं त्यांच्या पुढ्यात गरम भात वाढला.

तर शुभदाचा नवरा सुभाष हा असा होता. लबाड नव्हता, की चहाडखोरही नव्हता. एका पेपरात मथळे जुळवायच्या कामाला होता, आणि ते काम रात्रपाळी संपल्यावरही त्याच्या तोंडातून सुटत नसे. बारीक अक्षरांचे शिशाचे खिळे, मथळ्याची मोठी अक्षरं लाकडाची, ती उचलायची आणि चौकटीत ओळीनं बसवायची. आतून साहेब चिठ्ठी पाठवायचा, त्यावर मथळा लिहिलेला. सुभाष तो जुळवायचा आणि कधी कधी ओरडायचा, "साहेब, ओळ भरत नाही, थोडी जागा उरते!" आतून आवाज यायचा, "मग 'प्रचंड' घाल!" त्या दिवशी मोर्चा प्रचंड व्हायचा. मोर्च्याला माणसं किती आली होती ते देव जाणे, मोर्चा जागेच्या मापाचा असे. हे सुभाष घरी येऊन मोठ्या कौतुकानं सांगायचा. शुभदा चौथीपर्यंत शिकलेली. तिला वाटायचं, पेपर म्हणजे साधारण ब्लाउजसारखं काम असणार, कापड कमी पडलं की जोड द्यायचा.

पुढं खिळे गेले, कात्री आणि गोंद आले. तेही गेलं, कॉम्प्युटर आले. सुभाष मथळे लावत राहिला. पोरगी ठाण्याला दिली, करी रोडची खोली विकली आणि दोघं भाईंदरजवळ पेणकरपाड्यात नीलपुष्प सोसायटीत चौथ्या मजल्यावर राहायला आले. मग तो रिटायर झाला, म्हणजे मथळे त्याच्या पोटातच साचायला लागले. दूध नासलं की "दुधाचा घात, चहाचे वांधे." जावई उशिरा आला की "जावई अखेर दाखल." शुभदा म्हणायची, "अहो, जरा माणसासारखं बोला." तो म्हणायचा, "पत्नीचा इशारा."

तिथवर घरातलं घरात होतं. घात केला फळ्यानं.

जवळचा एक क्लास बंद पडला, त्याचा फळा सोसायटीनं स्वस्तात घेतला, नोटिशी लिहायला. लिफ्टच्या दारापासून पत्रपेट्यांपर्यंत भिंतभर फळा. सेक्रेटरी यतीन, शहाणा मुलगा, कुठल्याशा बँकेत होता. त्यानं पहिली नोटीस स्वतःच लिहिली, "उद्या टाकी धुणार आहेत." एवढ्या मोठ्या फळ्यावर ती ओळ अशी दिसत होती, जसा मोठ्या परातीत एकच वाटाणा. कुणी वाचली नाही. दुसऱ्या दिवशी साबण लावलेली माणसं नळाखाली उभी.

सुभाष खाली गेला, फळ्यापुढं उभा राहिला आणि म्हणाला, "यतीन, ओळ भरत नाही."

"मग काका, तुम्हीच घ्या ना हे काम."

त्या दिवसापासून रोज सकाळी ओलं फडकं आणि खडू घेऊन सुभाष खाली. अक्षर असं सुंदर, की येणारा जाणारा थांबून बघे. "पाण्याचा ठणठणाट; महिला आक्रमक." शुभदानं विचारलं, "पंप अर्धा तास बंद होता. आक्रमक कोण झालं?" तो म्हणाला, "दुसऱ्या मजल्यावरची मिनल विचारत होती, पाणी कधी येणार." पण गंमत अशी, की मथळा वाचल्यावर महिला खरोखरच आक्रमक झाल्या. तोवर कुणाला कल्पना नव्हती, आपण आक्रमक आहोत म्हणून. मिनलनं तर पदर खोचून यतीनचं दार वाजवलं, आणि यतीननं दार उघडेपर्यंत पाणी आलंसुद्धा होतं.

एकदा सुभाषनं चुकून उद्याचं पाणी फळ्यावर आजच बंद केलं. नळ धो धो वाहत होते. तिसऱ्या मजल्यावरच्या संचितानं वाहत्या नळाकडे बघितलं, तो बंद केला आणि हंडा घेऊन शेजारच्या बिल्डिंगमध्ये पाणी मागायला गेली. "अगं, तुझ्या नळाला आहे ना पाणी!" शुभदा जिन्यात म्हणाली. संचिता म्हणाली, "आहे हो काकू, पण ते कालचं असणार. आज नाहीये. खाली लिहिलंय."

शुभदा तेव्हा पोट धरून हसली. तिला काय ठाऊक, पुढं हसू कुठं जाऊन अडकणार आहे.

समुद्रकाठच्या उत्तनची ऑड्रे कित्येक वर्षं सोसायटीत मासळी घेऊन यायची. नवरा कॅजिटन होडीवर, ही पाटी घेऊन पहाटेच्या बसनं भाईंदर, तिथून रिक्षा करून पेणकरपाड्यात. लिफ्टनं वर जायची आणि जिन्यानं एकेक मजला उतरत, दारं वाजवत खाली यायची. चौथ्या मजल्यावर शुभदाच्या दारात तिचा पहिला मुक्काम. शुभदा तिला चहा द्यायची, ती शुभदाला गावची खबर द्यायची, कुणाच्या घरी लगीन, कुणाची होडी नवी. शुभदाच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा महिनाभर हिनं मासे साफ करून, मीठ-हळद लावून दिले होते, नुसते कढईत सोडायचे. दोघी एकमेकींना 'बाय' अशी हाक मारायच्या. ऑड्रेला पाटी घेऊन नवे रस्ते धुंडाळायचं वय राहिलं नव्हतं. नीलपुष्प आणि तिला लागून असलेल्या दोन बिल्डिंगा, एवढ्यावर तिचं चाललेलं.

एका शुक्रवारी लिफ्ट बंद पडली. त्याच सकाळी ऑड्रेच्या पाटीतल्या बर्फाचं पाणी लिफ्टमध्ये गळलं होतं. सुभाष दूध आणायला खाली गेला होता, त्याला चार मजले चढावे लागले. धापा टाकत वर आला, पाणी प्यायला आणि श्वास जागेवर यायच्या आत फडकं घेऊन जिन्यानंच परत खाली. शुभदानं नंतर जाऊन वाचलं.

"मासळीच्या पाण्याने लिफ्ट ठप्प, रहिवासी हवालदिल."

"हवालदिल कोण झालं हो?" तिनं विचारलं.

"मी. माझे गुडघे."

"मग 'रहिवासी' कशाला?"

"'सुभाष' लिहिलं तर ओळ भरत नाही."

दुपारी मेकॅनिक आला. म्हणाला, वायर जुनी आहे, जळाली, पाण्याचा काही संबंध नाही. वायर बदलून गेला. पण तोवर सगळी बिल्डिंग फळ्यापुढून वर गेली होती. संध्याकाळी लिफ्टमध्ये वास यायला लागला. आधी संचिताला आला, मग मिनलला, मग यतीनच्या बायकोला, जी दर बुधवारी ऑड्रेकडून सुरमई घ्यायची. चार दिवस ऑड्रे आली नव्हती, कॅजिटनला ताप होता, तरी वास रोज वाढत चालला. माणसं नाकाला रुमाल लावून लिफ्टमध्ये शिरायची आणि घरी जाऊन बोंबील तळायची.

कुणीतरी फळ्याचा फोटो काढून ग्रुपवर टाकला. तो फिरत फिरत एका स्थानिक साप्ताहिकाकडे गेला. तिथं बसलेल्यालाही त्या दिवशी पानावर थोडी जागा उरली असणार. आलं छापून, "मासळीवरून सोसायटीत उभी फूट! दोन गट आमनेसामने."

अंक सोसायटीत आला आणि मोठी पंचाईत झाली. फूट पडली आहे हे कुणाला माहीतच नव्हतं. आता पेपरात आलंय म्हटल्यावर आपण कुठल्या गटात, ते तर कळायला हवं. जिन्यात माणसं एकमेकांना विचारायची, "तुम्ही कुठल्या?" "आम्हाला अजून कुणी सांगितलं नाही. तुम्ही?" वरचे म्हणाले, वरचे मजले एक गट असेल. खालचे म्हणाले, लिफ्ट आम्ही वापरतच नाही, आम्हाला का घेता? शेवटी जे त्या आठवड्यात मासळी खाऊन चुकले होते ते एका गटात गेले, आणि ज्यांनी खाल्ली नव्हती ते दुसऱ्या.

विरोधी गटाला पुढारी हवा होता. पहिल्या मजल्यावर रसिकभाई राहायचे, कापडाचं दुकान होतं त्यांचं, शुद्ध शाकाहारी, कुणाच्या अध्यात मध्यात नसलेला माणूस. ते एका संध्याकाळी शुभदाच्या दारात आले.

"भाभी, एक पूछना था. पेपरमध्ये आलंय दोन गट. बिल्डिंगमध्ये सगळे बोलतात, विरोधी म्हणजे रसिकभाई. मी कुणाच्या विरोधात आहे, ते जरा सांगा ना."

"तुम्ही ऑड्रेच्या विरोधात आहात."

"ऑड्रे कोण?"

"मासळीवाली."

"ती मला जिन्यात रोज 'केम छो' विचारते ती?" रसिकभाई चपापले. "अरे, तिच्या विरोधात मी कशाला?"

"मग सांगा ना तसं सगळ्यांना."

"कसं सांगू भाभी? आता छापून आलंय. मागे हटलो तर लोक बोलतील, रसिकभाई फुटला."

आणि बिचारे जड पावलांनी विरोध करायला खाली गेले.

यतीननं रविवारी मीटिंग लावली. बाहेरच्या विक्रेत्यांना आत येण्यास मनाई, असा ठराव. मीटिंगच्या आधीच वॉचमननं ऑड्रेला गेटवर अडवलं. शुभदा खाली धावली. ऑड्रे पाटी उतरवून फुटपाथवर बसली होती.

"काय गो बाय, तुझ्या घोवानं माझ्या नावान काय लिवलाय? मला वाचता येत न्हाय, पन सगली माझ्याकडं अशी बगतान, जशी मीच वायर चावली."

शुभदाला कुठं तोंड लपवू असं झालं.

"बाजूच्या बिल्डिंगचा वॉचमन बोलला, मावशी, तिथं बंद झालं तर इथं पन बंद," ऑड्रे म्हणाली. "ह्यो गेट गेला तं तिन्ही गेलं. मंग मी काय करू, बाय? घरी बसून कॅजिटनचा तोंड बगू?"

शुभदा वर आली आणि तिनं पुढ्यातलं वाटण तसंच टाकलं. "ऐकलंत? ते तुमचं हवालदिल मागं घ्या, आणि खरं काय ते लिहा."

सुभाषचा चेहरा पडला होता. त्यालाही हे नको होतं, ऑड्रेचे बोंबील त्यालाच जास्त लागायचे. दुसऱ्या दिवशी त्यानं लिहिलं, "लिफ्ट बिघाडाला जुनी वायर जबाबदार." मिनल वाचून म्हणाली, "बघा, वायरसुद्धा खाल्ली त्या पाण्यानं." मग त्यानं लिहिलं, "मासळीवाली निर्दोष." त्यावर संचिता घाबरून वर आली. "काकू, केस चालू होती? पोलीस येऊन गेले? आम्ही झोपलो होतो का?" तिसऱ्या दिवशी "ऑड्रेबाईंवरील आरोप निराधार" लिहिलं, तर खालचे वरच्यांना विचारायला लागले, आरोप एकच आहे की बरेच आहेत.

"आता हात जोडते," शुभदा म्हणाली, "काही लिहू नका."

"फळा रिकामा ठेवू?" सुभाषचा आवाज असा आला, जसं तिनं त्याला उघड्यानं बाजारात जायला सांगितलं.

"रिकामा ठेवा."

रविवारी सकाळी त्यानं फळा पुसला आणि खडू खिशातून न काढताच वर आला. अर्ध्या तासात फळ्यापुढं ही गर्दी. इतकी माणसं फळ्यापुढं लिफ्ट ठप्प झाली तेव्हासुद्धा जमली नव्हती. यतीननं वर फोन केला, "काका, लोक विचारतायत, काय दडपलंय?"

सुभाष कॉटवर बसून राहिला. "बघ," तो म्हणाला, "लिहिलं तरी वाढतं, नाही लिहिलं तरी वाढतं. आमच्या खात्यात असं कधी झालं नव्हतं. आम्ही मथळा लावला की घरी जात होतो."

शुभदानं त्याच्या खिशातून खडू काढला आणि लिफ्टनं खाली गेली. वॉचमनला म्हणाली, "ऑड्रे कुठं आहे?" ती रस्त्यापलीकडे झाडाखाली पाटी घेऊन बसली होती, मीटिंगचं काय होतं ते बघायला. शुभदानं तिला गेटच्या आत, पार्किंगमध्ये आणून बसवलं. वॉचमन "काकी, काकी" करत राहिला.

तोवर गर्दी तर्क करत आपापल्या घरी गेली होती. मग शुभदा फळ्यापुढं गेली. तिचं अक्षर शाळेनंतर वाढलंच नव्हतं, म्हणजे हे एवढालं, पाटीवर गिरवतात तसं, प्रत्येक अक्षराला एक अख्खा हात लागायचा. तिनं हळूहळू लिहिलं,

"ऑड्रे आली. खाली या."

आणि फळा भरला. एक बोट जागा उरली नाही.

फळ्यावर लिहिलंय म्हटल्यावर या बिल्डिंगनं आजवर कधी ऐकलं नाही असं झालंय का? फोटो ग्रुपवर गेला. माणसं उतरायला लागली. काहींना वाटलं, मीटिंग लवकर आहे, काहींना वाटलं, ऑड्रे म्हणजे कुणी पाहुण्या आहेत. पण खाली आली, तर पुढ्यात पाटी, पाटीत बर्फावर चकचकीत पापलेट, आणि ऑड्रे म्हणतेय, "या, या, ताजी हायत, रात्रीची होडी हाय." यतीनची बायको दोन आठवडे सुरमईवाचून होती. ती आधी पुढं झाली. मग तिच्या मागं मिनल, मिनलच्या मागं संचिता, "मी नुसती बघायला आले" म्हणत. दोन्ही गट एका रांगेत लागले. रांगेत कुणाला कुठला गट ते आठवेना, कारण गट लक्षात ठेवायला एक डोकं लागतं आणि भाव करायला दुसरं.

रसिकभाईही आले, हातात कापडी पिशवी घेऊन.

"तुम्ही कशाला आलात?" शुभदानं हळूच विचारलं.

"लिखा है ना भाभी, खाली या. आलो. आता काय करायचं?"

ऑड्रेनं पाटीशेजारचं बोचकं सोडलं. तिच्या वाडीतल्या शेवग्याच्या शेंगा होत्या, एरवी ती त्या शुभदासाठी आणायची. "केम छो शेठ? या घ्या, झाडाच्या हायत, माशांना हात न्हाय लागला." रसिकभाईंनी शेंगा पिशवीत ठेवल्या आणि विरोधी गटाचा पुढारी रांगेतून बाहेर पडला.

तेवढ्यात मीटिंगची वेळ झाली. खुर्च्या तिथंच पार्किंगमध्ये मांडलेल्या होत्या. यतीननं घसा साफ करून ठराव वाचला. वाचताना तो आपल्या बायकोकडे बघत नव्हता. "जे ठरावाच्या बाजूनं आहेत त्यांनी हात वर करा."

आता प्रत्येकाच्या हातात पिशवी, आणि पिशवीतून बर्फाचं पाणी गळतंय. संचितानं हात वर करायला घेतला, तर पाणी कोपरापर्यंत ओघळलं आणि पुढच्या खुर्चीतल्या काकांच्या टकलावर पडलं. तिनं हात खाली घेतला. रसिकभाईंचा हात कोरडा होता. सगळे त्यांच्याकडे बघायला लागले. त्यांनी पिशवी दोन्ही हातांनी छातीशी धरली आणि छताकडे बघत बसले.

"कुणीच नाही?" यतीन म्हणाला. त्याला बरंच वाटलं असावं. मग त्यानंच सुचवलं, की मावशींनी लिफ्टनं वर जाऊ नये, इथं पार्किंगमध्येच बसावं, ज्याला हवं त्यानं खाली यावं. ऑड्रेला विचारलं. ती म्हणाली, "मंग माजं चार मजलं उतरायचं वाचलं की! हे आदी कुनी का न्हाय लिवलं?" शेजारच्या दोन बिल्डिंगांनीही तेच धरलं, कारण ते सगळं नीलपुष्पचं बघून करायचे.

साप्ताहिकाचा माणूस फोन करून विचारत होता, कुठला गट जिंकला. यतीन म्हणाला, गट विरघळले. तसा मथळा त्याला जमेना. छापलंच नाही त्यानं. पुढच्या अंकात दुसऱ्याच कुठल्या सोसायटीत कबुतरांवरून रणकंदन होतं, आणि नीलपुष्पमधली माणसं ते वाचून आपल्या खिडक्यांकडे संशयानं बघायला लागली.

सुभाषनं फळा सोडला नाही, शुभदानंही सोडायला सांगितलं नाही. माणसाचं पोट साफ राहायला हवं. पण बुधवार आणि शुक्रवार, खाली जाऊन ऑड्रेकडून मासळी आणायचं काम तिनं त्याच्याकडे लावलं. त्याला मासळीतलं काही कळत नव्हतं, तरी तो पाटीसमोर उकिडवा बसायचा आणि ऑड्रे देईल ते घ्यायचा. पहिल्या दिवशी नुसता बसून राहिला. तीच म्हणाली, "बोल ना भाऊ, मी काय चावत न्हाय. वायरी पन न्हाय चावत." तेव्हा कुठं तो हसला. कॅजिटनची तब्येत विचारायला शिकला. पुढं पुढं बर्फ संपेपर्यंत तिथंच बसायला लागला.

दुसऱ्या वर्षी, नारळी पौर्णिमा झाली, होड्या परत समुद्रात जायला लागल्या, त्यानंतरचा एक बुधवार. तो त्याच्या आयुष्यातला शेवटचा बुधवार, पण सकाळी तसं काही दिसत नव्हतं. त्यानं फळ्यावर लिफ्टच्या सर्व्हिसिंगचं लिहिलं, वर येऊन चहा घेतला, स्टीलचा डबा आणि पिशवी उचलली.

"बोंबील असतील तर आणा," शुभदा आतून म्हणाली. "आणि पोटं फाडून द्यायला सांगा, मागच्या वेळी विसरलात."

"हो."

"लिंबू पण."

"हो गं."

तो लिफ्टनं खाली गेला. शुभदानं खिडकीतून बघितलं, तो ऑड्रेसमोर बसला होता, ती बोंबील साफ करत होती आणि दोघं कशावरून तरी वाद घालत होते. बऱ्याच वेळानं वर आला. डबा ओट्यावर ठेवला, लिंबू त्याच्या शेजारी ठेवलं. साबणानं हात धुतले, वास घेऊन बघितला, पुन्हा धुतले. मग ओली पिशवी पिळली, झटकली आणि खिडकीच्या गजावर वाळत टाकली.